टिटवीचा निळा पंख

जामनेरच्या एका लग्नात, आहेराच्या रांगेत, बोरसे नानांनी नवरदेवाचा हात जो धरला तो सोडेचनात. मागे पन्नास माणसं ताटकळलेली, फोटोवाला “इकडे बघा, इकडे बघा” करून दमलेला, आणि नाना गंभीर चेहऱ्यानं नवरदेवाला विचारतायत, “टिटवीचा पंख कितव्या भागात जळला?”

नवरदेवाला घाम फुटला. पण लहानपणी त्यानंही ती मालिका पाहिलेली होती. चाचरत म्हणाला, “अठ्ठाविसाव्या?”

“सत्ताविसाव्या,” नाना म्हणाले आणि हात सोडला. मंचावरून उतरल्यावर त्यांनी मुलीच्या वडिलांना बाजूला घेतलं. “मुलगा चांगला आहे. फक्त घाईत बघतो.”

ते बिचारे जेवणाच्या पंगती उठेपर्यंत काळजीत होते.

बोरसे नाना जळगावला पिंप्राळ्यात आमच्या समोरच्या घरात राहतात. जन्मभर बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली, कोणत्या गाडीला उशीर झाला आणि का, हे तीसेक वर्षं त्यांनी लिहिलं आणि कर्ण्यातून गावाला ऐकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांच्या हाताला काम राहिलं नाही. मग त्यांनी ‘लोहपंख’ हातात घेतली.

‘लोहपंख’ म्हणजे आम्ही शाळेत असताना रविवारी सकाळी टीव्हीवर लागायची ती कार्टून मालिका. शिक्रा, घार, टिटवी, ढोकरी आणि घुबड असे पाच लोखंडी पक्षी, आणि त्यांचा वैरी गंधकासुर. एकूण बावन्न भाग. मालिकेबरोबर दुकानात तिची खेळणीही यायची. नानांच्या मुलानं तेव्हा हट्ट करकरून पाचही पक्षी जमवले होते. मुलगा मोठा झाला, पुण्याला नोकरीला गेला, मालिका विसरला. काही वर्षांपूर्वी नानांना ती मोबाइलवर सापडली आणि त्यांच्यातला नियंत्रक जागा झाला.

पहिला आक्षेप वेळापत्रकावर होता. “नवव्या भागात शिक्रा ज्वालाबेटावरून निघतो तेव्हा सूर्य उगवतोय,” ते मला भाजीच्या गाडीपाशी गाठून म्हणाले. “तीन हजार कोस उडून पोचतो, तरी सूर्य उगवतोच आहे. मधे कुठं थांबा नाही, काही नाही. अशी गाडी मी बघितलेली नाही.”

“नाना, कार्टून आहे ते.”

“म्हणून काय वेळापत्रक नको?”

त्यांनी एक जाड वही केली. प्रत्येक भागाला एक पान. कोण कुठून निघालं, कुठं पोचलं, निघताना अंगावर काय होतं, पोचताना काय होतं. बाराव्या भागात ढोकरीच्या गळ्यात साखळी आहे, तेराव्यात नाही, चौदाव्यात पुन्हा आहे. या एका साखळीवर त्यांनी दोन पानं लिहिली आहेत. त्यांचं ठरलेलं वाक्य एकच: “नोंद घ्यावी.” समोरच्यानं घेतली नाही तर ते स्वतःच घेतात.

खेळण्यांचं वेगळंच प्रकरण. दिवाणखान्यात काचेचं कपाट आहे. इतरांच्या घरी तिथं कपबश्या असतात, नानांच्या घरी पाच पक्षी. जे खेळणं मालिकेतल्या पक्ष्याशी तंतोतंत जुळतं ते पुढं तोंड करून उभं. जे जुळत नाही ते भिंतीकडे तोंड करून. घारीला मालिकेत चार नख्या आहेत, खेळण्याला पाच. त्यामुळे घार गेली तीन वर्षं भिंतीकडे बघतेय. पाहुण्यांनी विचारलं की नाना सांगतात, “ती निलंबित आहे.”

नानी दर दसऱ्याला कपाट पुसताना तिला सरळ करून ठेवतात. “बाईमाणसाला किती दिवस असं उभं करायचं?” असं त्यांचं म्हणणं. दोन दिवसांत नानांच्या लक्षात येतं आणि घार पुन्हा निलंबित होते. एरवी नानींना या विषयात गोडी नाही. त्या पाचही पक्ष्यांना मिळून ‘कोंबड्या’ म्हणतात.

नानांना बोलायला माणूस हवं होतं. गल्लीतल्या कट्ट्यावर निवृत्त मंडळी बसतात, पण तिथं कापसाचा भाव आणि गुडघेदुखी. नानांनी एकदा ढोकरीच्या साखळीचा विषय काढून पाहिला. दुसऱ्या दिवशी कट्टा अर्धा तास आधीच उठला. शेवटी मी त्यांना मोबाइलवर ‘लोहपंख’च्या चाहत्यांचा एक ग्रुप शोधून दिला. चाळीसेक माणसं होती, बहुतेक सकाळी नमस्काराची चित्रं पाठवणारी. मनापासून भांडणारा एकच निघाला. धुळ्याचे अहिरराव सर, निवृत्त चित्रकला शिक्षक.

भांडण टिटवीच्या पंखावरून. सत्ताविसाव्या भागात ज्वालामुखीत तिचा उजवा पंख जळून जातो. तो लाल असतो. अठ्ठाविसाव्या भागात ती नवा पंख लावून येते, आणि तो निळा असतो. कसा, कुठून, कोणी लावला, मालिका काही बोलत नाही.

नानांचं म्हणणं, यात कथा वगैरे काही नाही. खेळणी करणाऱ्यांनी निळ्या पंखाची टिटवी आधीच करून ठेवली होती. ती खपावी म्हणून मालिकेत लाल पंख जाळला. सर म्हणत, साफ चूक. सत्ताविसाव्या भागाच्या शेवटी तीन सेकंद एक म्हातारा लोहार भट्टीपाशी दिसतो. मागे फुटलेलं निळं जहाज आहे. त्यानं त्या जहाजाच्या पत्र्यातून पंख घडवला. बघणाऱ्याला डोळे हवेत.

हे ‘डोळे हवेत’ नानांना फार लागलं. ते चिडले की अहिराणीत येतात. साक्रीकडचं त्यांचं गाव. गॅलरीत उभे राहून मोबाइलला म्हणाले, “कोठून उना हाऊ पंख? जहाजमातून? बठ्ठं खोटं शे!” आवाज अजून बसस्थानकाचा. कोपऱ्यावरचा रिक्षावाला दचकून पुढं सरकला.

आठ महिने हे चाललं. रोज सकाळी सरांचा मुद्दा, नानांचं उत्तर, सरांचं प्रत्युत्तर. नानांनी त्यांना कितीदा फोन लावला, पण सर कधी उचलत नसत. फक्त लिहीत. “आपल्याकडचा माणूस, आणि एवढा ताठा?” नाना म्हणायचे.

मग एके दिवशी माळा आवरताना नानांना टिटवीचं मूळ खोकं सापडलं. ते ओरडत आमच्याकडे आले. खोक्याच्या तळाशी ते तयार झाल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं होतं. मे. आणि टिटवीचा पंख जळला तो भाग लागला होता त्याच वर्षी, दिवाळीनंतरच्या रविवारी, हे ग्रुपवर सगळ्यांना पाठ होतं. खोक्यावर चित्र निळ्या पंखाच्या टिटवीचं. म्हणजे पंख जळायच्या सहा महिने आधीच निळा पंख कारखान्यात तयार!

“फोटो पाठवा ना सरांना,” मी म्हटलं.

“फोटो नाही. समोर बसून दाखवणार. चेहरा बघायचाय मला त्या माणसाचा.”

सरांना त्यांनी ‘पुरावा घेऊन येतोय’ एवढंच कळवलं. माझं माहेर धुळ्याचं, मला जायचंच होतं. आम्ही सकाळच्या गाडीनं निघालो. नानांनी कापडी पिशवीत खोकं घेतलं, वर टॉवेल, वर वही. एरंडोल, पारोळा, प्रत्येक स्थानकावर घड्याळ बघून त्यांनी चालकाबद्दल मत दिलं. मधे मधे पिशवी चाचपून स्वतःशी हसत होते.

सरांचं घर देवपुरात. दार त्यांच्या सुनेनं उघडलं. वैशाली तिचं नाव. नाना उंबऱ्यातूनच दणदणीत आवाजात म्हणाले, “कुठे आहेत सर? फोन न उचलणारे?”

ती हळू म्हणाली, “काका, आबांना बोलता येत नाही. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून. त्यांनी तुम्हाला कळवलं नाही?”

नाना चपला काढत होते. एक पायात, एक हातात, तसेच उभे राहिले.

आत खिडकीपाशी सर बसले होते. किरकोळ अंगाचे, गळ्याला पांढरा रुमाल, मांडीवर शाळेतली पाटी. नानांना बघून त्यांचे डोळे चमकले. भराभरा लिहून पाटी वर धरली: “उशीर झाला. गाडी कुठं रखडली?”

“पारोळ्याला,” नाना म्हणाले. “चौदा मिनिटं.” त्यांचा आवाज मी इतका खालचा कधी ऐकला नव्हता.

भिंतीवर सरांनी काढलेली चित्रं होती. ते तीन सेकंद त्यांनी चौदा चित्रांत काढले होते. म्हातारा लोहार, हातोडा वर, हातोडा खाली, ठिणग्या, मागे निळं जहाज. शेवटच्या चित्रात लोहारानं नवा पंख उजेडात धरलाय आणि टिटवी खाली बसून वर बघतेय. हे शेवटचं चित्र मालिकेत नव्हतं. सरांनी मनानं काढलं होतं. नाना त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. वही काढली नाही.

चहा झाला. सरांनी पाटी पुसली, ताठ बसले आणि लिहिलं: “आता बोला. पुरावा आणलाय म्हणे?”

नानांचा हात पिशवीत गेला. टॉवेल बाजूला झाला. खोक्याचा कोपरा मला दिसला.

तेवढ्यात कप उचलता उचलता वैशाली मला सांगायला लागली, “ताई, ऑपरेशननंतर आबांनी सगळं सोडलं होतं. रंग सोडले, बाहेर जाणं सोडलं, पाटीसुद्धा हातात घेईनात. आम्ही विचारायचो, ते भिंतीकडे वळायचे. हे तुमचं भांडण सुरू झालं आणि माणूस उठून बसला. आता सकाळी चहाच्या आधी फोन मागतात. काल पाटीवर लिहिलं, उद्या जळगाव घरी येतंय, पोहे कर.”

नाना ऐकत होते. पिशवीतला हात तसाच होता. मग त्यांनी टॉवेल नीट सारखा केला, पिशवी पायाशी ठेवली आणि म्हणाले, “पुरावा... घरी राहिला. म्हातारपण, दुसरं काय.”

सरांनी आनंदानं मांडीवर थाप मारली. लिहिलं: “म्हणजे लोहार मान्य?”

मला वाटलं, आता नाना हो म्हणतील. पण ते ताडकन उठले. “मान्य? अजिबात नाही! तीन सेकंदांत पंख होतो का? साधा पत्रा ठोकायला दिवस जातो! जहाजाचा पत्रा कापला कशानं, ते सांगा आधी!”

सर हसायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी. मग पाटीवर इतक्या जोरात लिहायला लागले की पेन्सिल मोडली. दुपारभर दोघं भांडले. पोहे दोनदा झाले.

परतीच्या गाडीत नाना खिडकीकडे बघत बसले होते. मी विचारलं, “खोकं का नाही काढलं?”

ते चिडलेले नव्हते, तरी अहिराणीत बोलले. “वाद मिटी गया, तं उद्या सकाळे तो कोनाशी बोली?” मग साध्या मराठीत, खिडकीकडेच बघत, म्हणाले, “आणि मी तरी?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर नानांचा मजकूर आला. घुबड कुलूप उघडतं त्या प्रसंगाबद्दल, ‘बाराव्या भागात’ असं लिहून. मी चमकले. ते कुलूप अकराव्या भागातलं, हे नानांनीच मला तीनदा ऐकवलेलं. मी तशीच समोर गेले. नाना पायरीवर मोबाइल घेऊन बसले होते.

“नाना, अकरावा आहे तो. खोडा पटकन, सर धरतील.”

“राहू दे.”

“अहो, पण चूक आहे ना!”

“माहीत आहे,” ते म्हणाले.

हातातला मोबाइल वाजला. सरांचं उत्तर होतं, चांगलं लांबलचक, आणि पहिल्याच ओळीत अकराचा आकडा, पुढं पाच उद्गारचिन्हं. नानांनी ते सावकाश वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि आत हाक दिली, “ऐकलंस का, चहा ठेव. आज बराच वेळ चालेल.”