नामूतात्यांचा हलका बेस

नामूतात्यांकडे बेस गिटार बनवून घ्यायला कुणी गेलं, की ते आधी त्याच्या गळ्यात ज्वारीची पिशवी अडकवायचे. पाच किलोंची, जाड पट्टा लावलेली. ती घेऊन जळोचीतल्या त्यांच्या शेडपासून बारामती स्टँडपर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. वाटेत खांदा बदलला तर ऑर्डर रद्द. बदललेला त्यांना कसा कळायचा, देव जाणे. पण कळायचा.

मी वडगाव निंबाळकरला शाळेत शिकवतो आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. मीही ती पिशवी वाहिली. परत आलो तेव्हा खांद्यावर वळ उठला होता.

"दुखतंय?"

"हो."

"दुखणारच. बेस हाय, बासरी न्हाय."

तात्या मूळचे सुतार. जुन्या दारांचं सागवान, मोडक्या पलंगांचं शिसव गोळा करायचे आणि गिटारीची मान आणि धड एकाच लांब फळीतून काढायचे. दुकानातल्या गिटारींची मान स्क्रूनं बसवलेली असते, एवढं ऐकलं तरी त्यांचा पारा चढे. "तुजी मुंडी आईनं स्क्रूनं बसवली का रं?" मी एकदा भीत भीत म्हणालो, मान जरा बारीक केली तर? त्यांनी माझी बोटं उलटीपालटी करून पाहिली. "मास्तर, खडू धरायची बोटं हायती. त्याला मी काय करू?"

हसू यायचं. पण याच तोंडानं त्यांनी सख्खा भाऊ तोडला होता.

धाकटा विलास. दोघांचा मिळून ऑर्केस्ट्रा होता. तात्या बेस बनवायचे, विलास वाजवायचा. पुढं पाठ धरायला लागली, तशी विलासनं दुकानातली हलकी गिटार आणली. एका हळदीच्या कार्यक्रमात, गाणं ऐन रंगात असताना, तात्या स्टेजवर चढले आणि तिची वायर उपसली. माईकसमोर म्हणाले, "खेळणं वाजवायचं तर अंगणात वाजव." विलास बायकोला घेऊन इंदापूरला गेला. नऊ वर्षं दोघं बोलले नाहीत.

मागच्या वर्षी विलासच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. मी बघून आलो आणि तात्यांना सांगितलं. त्यांचा रंधा थांबला नाही. जरा वेळानं विचारलं, "बोटं किती उघडत्यात?" मी माझ्या हातावर अंतर दाखवलं. त्यांनी ते पेन्सिलीनं फळीवर उतरवून घेतलं.

दोन महिन्यांनी निरोप आला. शेडमध्ये टेबलावर एक बेस होता. उचलला आणि चमकलोच. पांगाऱ्याचं धड, हातात वजनच लागेना. मान बारीक, तारा आखूड. आणि मान धडाला जोडलेली, चार स्क्रूंनी.

"तात्या, स्क्रू?"

"हात आणखी आखडला तर मान बदलता यील." ते भुसा झाडत राहिले. "पुण्यातनं आणला म्हण. माजं नाव काढलंस तर त्यो हात लावायचा न्हाय."

इंदापूरला विलासनं तो मांडीवर घेतला. थरथरती बोटं मानेवर दाबली. पहिला सूर फसका निघाला, दुसराही. तिसरा भरीव आला. त्याची बायको पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली. तो बराच वेळ वाजवत होता. मग बेस उलटा करून त्यानं स्क्रूंवरून अंगठा फिरवला.

"कुणी का केला असंना, जीव लावून केलाय," तो म्हणाला. "आमच्या दादाकडनं हे झालं नसतं. त्यो मला मोडलेला बघंल, पण स्क्रू मारायचा न्हाय."

मी शब्द पाळला. का पाळला, ते अजून कळलेलं नाही.

परत आलो तर तात्या शेडच्या दारातच उभे.

"काय म्हणला?"

"बोटं पोचतात म्हणाला." असं तो म्हणाला नव्हता.

"पोचली ना? मग झालं." ते आत वळले, आणि पाठमोरेच म्हणाले, "माजं काय इचारलं का?"

"नाही."

"बरं झालं."

मी गाडीला किक मारली, तर ते पुन्हा बाहेर आले.

"न्हाय म्हंजे... काईच न्हाय?"