ओळखीचा बैल

अंडंसुद्धा न खाणारे गोडबोले ऑफिस सुटलं की रोज गोमांसाच्या काउंटरपुढे येऊन उभे राहत. जपानमधल्या त्सुकुबातल्या त्या सुपरमार्केटात मी बाइतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी, करत होते. संध्याकाळी उरलेल्या मांसाच्या पाकिटांवर अर्ध्या किमतीची लेबलं चिकटवणं हे माझं काम. मी लेबलं बाहेर काढली की गोडबोल्यांचा चेहरा पडे.

"वहिनी, आज पुन्हा भाव उतरला?"

"तुम्हाला काय हो त्याचं? चातुर्मासात कांदा सोडणारे तुम्ही!"

"तत्त्वाचा प्रश्न आहे." त्यांचा प्रत्येक प्रश्न तत्त्वाचा असे. कचरा कोणत्या पिशवीत टाकायचा, हासुद्धा.

खरा प्रश्न सातोसानांचा होता. हे एकटे म्हातारे गृहस्थ गावाबाहेर मांसासाठी बैल पाळत. गोडबोल्यांची बायको नोकरीमुळे पुण्यात. रविवारी ते सायकल काढून सातोसानांच्या गोठ्यात जात आणि बैलांशी तासभर मराठीत बोलत. "मध्ये तोंड घालत नाहीत हो," असं बैलांचं कौतुक करत.

त्या वर्षी तेल भडकलं. बोटीने येणारा चाऱ्याचा मका महागला, वासरांना ऊब द्यायचं रॉकेल महागलं, ट्रकचं डिझेल महागलं. मांसाचा भाव मात्र वर जाईना, कारण पेट्रोलने पोळलेली गिऱ्हाइकं कोंबडीकडे वळली होती. लिलावात बरा भाव आला नाही, तर सातोसान गोठा बंद करणार होते.

गोडबोल्यांनी मग प्रचारच सुरू केला. तिथे पाकिटावर जनावराचा नंबर छापलेला असतो. सातोसानांच्या बैलांचे नंबर त्यांना पाठ. तसं पाकीट दिसलं की शेजारच्या बाईला कमरेत वाकून सांगत, "हे घ्या, ओइशी!" म्हणजे चविष्ट. एकीने विचारलं, तुम्ही खाल्लंय का? खोटं बोलणं तत्त्वात बसेना.

"नाही," ते म्हणाले, "पण माझ्या ओळखीचा होता."

बाईंनी पाकीट खाली ठेवलं आणि टोफू घेतला.

"गोडबोले, हे पाप नाही का?" मी एकदा विचारलंच.

"असेल. पण या वयात सातोसानांनी दुसरं काय करायचं?"

भाव आला नाही. वसुबारसेच्या आदल्या दिवशी शेवटचा ट्रक गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी गोडबोले आमच्या दारात.

"वहिनी, निरांजन घेऊन चला. ओवाळायचं तुम्ही बायकांनीच."

"अहो, पण गोठा रिकामा झाला ना?"

"सातोसान आहेत की. सकाळपासून तिथेच बसलेत."

गेलो. सातोसान रिकाम्या गव्हाणीपाशी उभे राहिले, टोपी काढली. मी कुंकू लावलं, ओवाळलं. त्यांनी खोल वाकून नमस्कार केला, तेव्हा मला रडू आवरेना.

आम्ही निघताना सातोसान म्हणाले, "गोडबोले-सान, आता बैल नाहीत. रविवारी तुम्ही कशाला याल?"

गोडबोले सायकलचं कुलूप काढत होते. वर न बघता म्हणाले, "नऊला येतो."