बाईंच्या दारातली सुऱ्याची चाचणी

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी गल्लीतले जुने झाड उन्मळून एका निवृत्त गणिताच्या बाईंच्या दारावर आडवे झाले. जीवितहानी नाही. दार बाहेर उघडणारे आणि खिडक्यांना गज, त्यामुळे बाई घरातच अडकल्या. अकरा वाजता त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन होते. तारीख हुकली तर पुढची चार महिन्यांनी.

साडेसातला उद्यान विभागाचा लाकूडतोड्या आला. खोड फूटभर जाड. त्याच्या अंदाजाने कुऱ्हाडीचे वीस मिनिटांचे काम. पण कुऱ्हाडी मागच्याच महिन्यात जमा करून घेतल्या होत्या. त्यांच्या जागी विभागाने न मिटणारे मोठे सुरे आणले होते: दहा इंची पाते, काळी मूठ, कमरेला लावायचे म्यान. निवड समितीने सुऱ्याने कागद कापून पाहिला, टोमॅटोच्या चकत्या पाडल्या, एका सदस्याच्या हातावरचे केसही भादरले. 'लाकूडतोड' या रकान्यात मात्र शेरा होता: 'लाकूड उपलब्ध नव्हते.'

"आज आहे!" सोबत आलेले विभागाचे निरीक्षक हरखून म्हणाले. "इंचामागे घाव किती, ते वर कळवायचंय. एकेक घाव मोजायचा."

"साहेब, कुऱ्हाडीचं वजन तोंडाशी असतं. याचं सगळं मुठीत. लाकडावर काय, मूठ आपटू?"

"नाचता येईना अंगण वाकडं. घाल घाव."

त्याने घाव घातला. पाते ओल्या लाकडात अर्धा इंच रुतले आणि तिथेच बसले. घालायला क्षण, उपसायला मिनिट. तरी गडी हटला नाही. शंभरी ओलांडली आणि मोजणाऱ्या कारकुनाला शिंक आली. आकडा गेला.

नियम स्पष्ट होता: मोजणी चुकल्यास नव्या जागी पहिल्यापासून.

"एकशे बारा!" बाई खिडकीतून ओरडल्या. "मी मोजतेय ना! हा कारकून माझ्याच वर्गातला. तेव्हाही शंभराच्या पुढे गडबडायचा."

कारकून पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा राहिला.

"ओळखीचा आहे? मग तर तुमचा आकडा मुळीच धरता येणार नाही," निरीक्षक म्हणाले. "शिवाय तुम्ही लाभार्थी."

"अरे, कसला लाभ? मी कोंडलेय!"

दुसऱ्या खाचेला निरीक्षकांचा फोन वाजला. तिसऱ्या वेळी वही संपली. चौथ्या वेळी लाकूडतोड्याने हळूच विचारले, "जुन्याच खाचेत घालू का? तीन इंच खोल गेलंय तिथं."

"आधीचे घाव नंतरच्यांना मदत करतील. निकाल भेसळीचा होईल."

एव्हाना गल्ली लोटली होती. घाम पुसत लाकूडतोड्या शेजारच्या काकांकडे गेला. "काका, तुमच्याकडे करवत असेल ना?"

"चांगली दोन हात लांब आहे की," काका मोबाइल खाली न घेता म्हणाले. "पण आत्ता कुठे रंगात आलंय. निकाल तर लागू दे!"

दहा पन्नासला दवाखान्याची गाडी आली, पाच मिनिटे थांबली, गेली. बाईंनी खिडकीच्या उजेडात मनगटावरचे घड्याळ वाचायचा प्रयत्न केला. त्यांना काटे दिसले नाहीत. लाकूडतोड्याने मान खाली घातली आणि पुढचा घाव घातला.

बारा वाजून वीस मिनिटांपर्यंतची स्थिती अशी: खोडावर चौदा खाचा, सर्वात खोल तीन इंच. धार शाबूत असल्याने अंतरिम अहवालात सुऱ्याची कामगिरी 'समाधानकारक'. जमलेल्यांपैकी एकोणतीस जणांनी सुरा कुठे मिळतो, याची चौकशी केली. बाईंची चौकशी कुणी केल्याची नोंद नाही. इथवर वाचत आलेल्यांनाही सुऱ्याबद्दलच विचारायचे असेल, तर कारकून माहितीपत्रके वाटत आहे.

पंधराव्या खाचेची जागा खडूने आखून झाली आहे.