वेल्सची हजेरी

नाना शेलार रोज सकाळी साडेसातला वेल्सची हजेरी घेत.

आमच्या गावाच्या टोकाला समुद्रावर एक बुटका कडा आहे. नाना तिथं उभे राहत, कोटाच्या खिशातून पितळी होकायंत्र काढत, ते डोळ्याला लावून समुद्रापलीकडे रोखून बघत. क्षितिजावर वेल्सचे डोंगर पुसटसे दिसले, तर खणखणीत आवाजात म्हणत, "हजर!" नाही दिसले, तर "गैरहजर!" मग डायरीत नोंद. आयर्लंडची हवा लक्षात घेता महिन्यातले पंचवीस दिवस वेल्स बिनपगारी रजेवर असे. पण नानांनी म्हणून हजेरी चुकवली नाही.

हे गाव वेक्सफर्डच्या किनाऱ्यावरचं. एक चर्च, दोन पब, पेट्रोलपंपाला चिकटलेलं एक दुकान आणि जिवंत गावापेक्षा मोठी दफनभूमी. डब्लिनजवळच्या चेरीवूडच्या ऑफिसात रोज तीच तोंडं बघून मला माणसांचा वीट आला होता, म्हणून मी दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत इथं घर भाड्यानं घेतलं. एकटा राहीन, समुद्र बघेन, असा बेत. मार्चात लॉकडाउन लागला आणि देवानं माझी मागणी व्याजासकट मंजूर केली. पंधरा दिवसांत मी फ्रिजशी बोलायला लागलो.

अशात एका सकाळी माझ्या परसात एक सत्तरीचा गृहस्थ पावलं मोजताना दिसला. अंगावर जावयाचा जुना कोट, डोक्यावर माकडटोपी. मी खिडकी उघडली.

"पाव्हणं," ते मराठीत म्हणाले, "तुमचं कुंपण शेजाऱ्यात नऊ इंच गेलंय."

मी मराठी आहे हे त्यांना कसं कळलं, तर माझ्या दारातल्या कोल्हापुरी चपलांवरून. मी म्हटलं, मी भाडेकरू आहे, मला काय त्याचं? तर म्हणाले, "भाडेकरू असला म्हणून काय झालं? हद्द ती हद्द." एवढ्यावर थांबते तर ते नाना कसले. त्यांनी पलीकडे जाऊन शेजाऱ्यालाही हातवारे करून ते समजावलं. शेजारी महिनाभर माझ्याशी बोलला नाही. लॉकडाउनमुळे तसंही कुणी कुणाशी बोलत नव्हतं, म्हणून मला ते जूनमध्ये कळलं.

नाना कराडकडचे. भूमिअभिलेख खात्यात पस्तीस वर्षं सर्व्हेअर. आयुष्य लोकांच्या बांधावर गेलेलं. कुऱ्हाडी घेऊन आलेल्या सख्ख्या भावांच्या मधोमध उभं राहून त्यांनी मोजण्या केल्या होत्या. त्यांचा एक मंत्र होता, आणि तो ते दिवसातून चारदा ऐकवत: "समक्ष बघितल्याबिगर सही करायची न्हाई." दुधाच्या बाटलीवरची तारीखसुद्धा ते डोळ्यांनी बघत आणि शिवाय वास घेत.

त्यांची मुलगी माधुरी इथल्या इस्पितळात नर्स. त्या वर्षी ती घरी फक्त झोपायला यायची. जावई डब्लिनला अडकलेला. घरात नाना आणि सात वर्षांची नात ईरा. आजोबांचं मराठी तिला सगळं समजे, पण उत्तर इथल्या इंग्रजीत. नानांनी भाकरी करून वाढली की म्हणायची, "इट्स ग्रँड, आजोबा." नाना मला विचारत, "ग्रँड म्हंजी आवडली का न्हाई?" मी म्हणायचो, इथं कुणाला कळत नाही, नाना.

आता वेल्सचं सांगतो, म्हणजे नुसता विक्षिप्तपणा वाटायला नको.

समुद्रापलीकडे, वेल्सच्या किनाऱ्यावरच्या अशाच एका चिमुकल्या गावात, नानांची थोरली बहीण राहत होती. अक्का. वय अठ्ठ्याहत्तर. लग्न होऊन डॉक्टर नवऱ्याबरोबर तिकडे गेली त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. नवऱ्यानं गावात दवाखाना काढला, आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची बाळंतपणं केली, आणि तो तिथंच गेला. मूलबाळ नाही. अक्का समुद्राकडच्या घरात एकटी. आई गेली तेव्हा ती कराडला आली होती, त्यालाही अकरा वर्षं झाली होती. नाना आयर्लंडला आले ते मुलीकडे कमी आणि अक्कासाठी जास्त. तिकडचा व्हिसा काढलेला, एप्रिलचं बोटीचं तिकीट काढलेलं. जवळच्या रॉसलेअर बंदरातून बसायचं आणि चार तासांत पलीकडे.

मार्चात सगळं बंद झालं. बोट बंद झाली नाही, हे वाईट. ती रोज समोरून जायची, पण ट्रक घेऊन. नाना तिच्याकडे बघत म्हणाले, "ट्रकाला तिकडं कोण अक्का हाय, सांगा बरं." ऑगस्टात त्या व्हिसाची मुदतही संपली.

फोन होता, पण अक्काला ऐकू येत नसे. रविवारी ती फोन करी आणि बोलत सुटे. कुठल्या गावात मेंढ्यांचा बाजार भरायचा, कुठल्या वळणावर डॉक्टरांची गाडी चिखलात रुतली होती, कुठल्या चर्चमागे चांगली ब्लॅकबेरी लागते. नाना अर्धा तास ऐकत. त्या भागातलं एकही गाव त्यांनी पाहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांच्या वाटा पाठ. मध्येच ते जीव तोडून ओरडत, "अक्का, जेवलीस का?" पलीकडून यायचं, "हॅलो? हॅलो? काही ऐकू येत नाही बाई." आणि फोन बंद. हा प्रश्न आमच्या पूर्ण आळीला ऐकू जाई. एकट्या अक्काला सोडून.

जूनअखेर निर्बंध उठले, तसे नाना शनिवारी सकाळी माझ्या गाडीशेजारी उभे राहायला लागले. किनाऱ्याकिनाऱ्यानं दक्षिणेकडची गावं बघायची होती. मलाही कुणीतरी हवंच होतं. आम्ही गावं फिरलो. किती छान गावं! गवताची छपरं, रंगीत दारं, एकेका वळणावर एकेक पब. नाना त्यातलं काही बघत नसत. गावात शिरलं की पहिला प्रश्न, "पार कुठाय?" गावाला पार नसतो हे त्यांना पटेना. शेवटी त्यांनीच शोधला: दुकानाबाहेरचा म्हाताऱ्यांचा बाक. बहुतेक ठिकाणी त्यावर लालपांढरी पट्टी गुंडाळलेली असायची. "पार हाय," नाना म्हणत, "पण सील केलाय." मग समुद्राच्या भिंतीशी जायचं, होकायंत्र लावायचं, डायरीत आकडा लिहायचा आणि म्हणायचं, "हितनं जमत न्हाई. फुडं चला."

"काय जमत नाही, नाना?"

"हाय एक मोजणी."

सरकारी माणूस. एकदा गुप्त म्हटलं की गुप्त.

एका बांधावर टॉम नावाचा शेतकरी भेटला. त्याचं आणि शेजाऱ्याचं एका दगडी कुंपणावरून आजोबांच्या काळापासून वाकडं. नानांनी ते कुंपण दोन्ही अंगांनी बघितलं, दगडावर हात फिरवला, खाली बसून पायाचे दगड पाहिले आणि निकाल दिला, "धिस बांध ओल्ड. युवर ग्रँडफादर राइट." टॉमनं नानांचा हात धरता धरता आवरला, कारण हात धरायची बंदी होती. पुढच्या आठवड्यात नानांच्या दारात बटाट्यांचं पोतं आलं. टॉमच आम्हाला म्हणाला होता, की वेल्स दिसलं की समजावं उद्या पाऊस, आणि दिसलं नाही म्हणजे पाऊस चालू आहे. नानांना हे अजिबात आवडलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी, आमच्यापासून नऊ किलोमीटरवरच्या एका गावात, नानांनी होकायंत्र डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काढलंच नाही. गाव म्हणजे दहाबारा घरं आणि वाळूची पट्टी. मग त्यांनी डायरीतला एक जुना आकडा काढून ताडून बघितला, टाच वाळूत रोवली आणि म्हणाले, "हद्द कायम." येताना गाडीत ते चक्क गुणगुणत होते.

आणि ऑक्टोबरात सरकारनं पुन्हा घरापासून पाच किलोमीटरची हद्द घातली.

दिवाळी आली. नानांचं परतीचं विमान डिसेंबरचं ठरलं होतं. पुन्हा एवढ्या लांब यायचं वय नव्हतं, हे ते स्वतःच म्हणायचे. त्या दिवसांत ते रोज आमच्या रस्त्यानं बरोबर पाच किलोमीटर चालत जात, एका फाटकापाशी थांबत आणि परत येत. मी एकदा बोललो, "नाना, त्या गावाला जायचं असेल तर मी नेतो. कोण बघतंय?"

ते माझ्यावर असे उखडले की मी दोन पावलं मागं सरकलो. "पस्तीस वर्सं लोकास्नी हद्द दाखवली मी. म्हाताऱ्या बायकांची जमीन त्यांच्या तोंडावर कमी केली. आन आता माझं काम आलं तर हद्द मोडू?" आणि ते वळून चालायला लागले.

भाऊबीजेला सकाळी माझ्या बहिणीनं नाशिकहून मला मोबाइलच्या पडद्यावर ओवाळलं. मी पडद्याला मान झुकवली आणि ऑफिसच्या मीटिंगला बसलो. घरात पुन्हा चिडीचूप. दुपारी चारला बेल वाजली. दारात नाना. माकडटोपीच्या जागी काळी टोपी, इस्त्रीचा सदरा, वर कोट, तोंडाला मास्क. काखेत ईराचं, हात धुताना उभं राहायचं स्टूल. त्यावर पिवळं बदक रंगवलेलं.

"चला पाव्हणं. पंच पायजे."

आम्ही चालत समुद्रावर गेलो. वाटेत त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. अक्काला तिकडे पहिल्या दिवाळीत ओवाळायला भाऊ नव्हता. भाऊ नसला की बायका चंद्राला ओवाळतात, तसं तिनं खिडकीतून बीजेच्या चंद्राला ओवाळलं. पंचेचाळीस वर्षं ती तेच करत आली होती. बीजेची कोर सूर्यापाठोपाठ मावळतीला उतरते. अक्काच्या खिडकीतून मावळती म्हणजे समुद्र, आणि समुद्राच्या पलीकडे आम्ही.

"पंचांगावरनं काढलं," नाना म्हणाले. "तिच्या खिडकीतनं कोर कुठल्या गावावर उतरंल ते. त्या गावात बसायचं, म्हंजी ती चंद्राला ओवाळंल ती मलाच. न्हाई का?"

उन्हाळाभर आम्ही गावं फिरलो ती यासाठी.

"आणि इथून?" मी विचारलं.

नानांनी हात लांब केला आणि समुद्राकडे दोन बोटं धरली. "चार अंश चूक. तिच्या खिडकीत दोन बोटं." एका बोटाच्या वादासाठी दुसऱ्यांदा मोजणी लावणारा हा माणूस. तोच म्हणाला, "चालवून घ्यायची."

वाळूत त्यांनी स्टूल ठेवलं, होकायंत्रानं त्याचं तोंड पलीकडे वळवलं आणि बदकावर बसले. टोपी नीट केली. वेल्स गैरहजर होतं. समोर सगळं राखाडी. एक बाई कुत्रं घेऊन दोन मीटर अंतर राखून गेली आणि हे रोजचंच असल्यासारखं "लव्हली इव्हनिंग" म्हणाली.

पाचला दहा कमी होते.

"ओवाळून घेताना मागं बघू न्हाई," नाना म्हणाले. "तुम्ही बघा. चंद्र हाय का माझ्या मागं?"

मी वळलो. गावाच्या छपरांवर ढग टेकले होते. फट नाही, उजेड नाही, काहीही नाही. मी त्या ढगांकडे बघत राहिलो. मला कुणासाठी इतकं वाईट वाटलेलं आठवत नाही.

"पाव्हणं?"

"हजर," मी म्हणालो.

"कोर?"

"कोर. अगदी बारीक. तुमच्या डोक्यावर, नाना, जराशी डावीकडे."

"दोन बोटं?"

"दोन बोटं."

नानांनी मान झुकवली. हात मांडीवर, डोळे मिटलेले. अक्का ओवाळायला जेवढा वेळ घेत असेल तेवढा वेळ ते तसेच बसून राहिले. लाटा येत होत्या. मी पंच म्हणून उभा होतो आणि मला माझ्या बहिणीला परत फोन करावासा वाटत होता.

मग ते उठले. स्टूल झटकलं. परतीची वाट बरोबर मावळतीकडे जाते. ढगांचं ते सगळं आभाळ आमच्या समोर होतं. नाना पूर्ण रस्ताभर पायाच्या बोटांकडे बघत चालले. एकदाही मान वर केली नाही.

दुकानाच्या दिव्याखाली त्यांनी डायरी काढली, अंगठ्यानं पान दाबून लिहिलं: 'वेळ चार पन्नास. चंद्र हजर. चूक दोन बोटं.' मला म्हणाले, "करा सही." मी केली. त्यांनी पेन माझ्या हातातून घेतलं, माझ्या सहीकडे जरा वेळ बघितलं आणि खाली स्वतःची सही केली. पूर्ण नाव, हुद्दा, सेवानिवृत्त.

डायरी खिशात गेली. स्टूल काखेत गेलं. दोन घरं चालून गेल्यावर नाना म्हणाले, "तिकडं तरी आभाळ उघडलं असंल."

"उघडलं असणारच, नाना," मी म्हणालो.