साळिंदर असल्याचा दाखला

एका जंगलात, बाळांनो, सगळे प्राणी सारखे होते. तसं एका दगडावर लिहिलेलंच होतं. दगड पाणवठ्याशेजारी होता आणि त्यावर बसून बगळे ऊन खात.

पूर्वी तसं नव्हतं. पूर्वी साळिंदरांना वरच्या काठावर पाणी पिऊ देत नसत. सगळे पिऊन गेले की खालच्या काठाला जो गाळ उरायचा, तो त्यांचा. मोठ्या प्राण्यांच्या वस्तीवरून जायचं तर काटे दाबून जायचं. काटे आपले आपण दबून राहत नाहीत, म्हणून साळिंदरं घरून निघतानाच धावड्याचा डिंक लावून ते अंगाला चिकटवायची. एखादा काटा वर दिसला तर काय व्हायचं, ते मी आत्ता सांगत नाही. तुमचं जेवण व्हायचंय अजून.

मग कायदा आला. साळिंदरांनी वरच्या काठावर पाणी प्यावं. त्यांना काटे दाबायला लावील त्याला शिक्षा. आणि वडाखालच्या शाळेत पहिलीच्या वर्गात दर वर्षी दोन जागा साळिंदरांसाठी राखून.

कायदा चांगला होता. खरंच चांगला होता, यात चेष्टा नाही.

त्या जंगलात साळू नावाची साळिंदरीण होती. तिला सुई नावाची एक लेक. साळूला सगळ्याची भीती वाटायची. सुई खोकली की भीती. खोकली नाही की आणखी भीती, आज ही खोकत का नाही म्हणून. सुई मात्र कायद्यानंतर जन्मलेली. तिला भीती म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं. ती वरच्या काठावर जाऊन पोटभर पाणी प्यायची आणि शेजारच्या गव्याला म्हणायची, "काका, थोडं सरका की. आईला प्यायचंय."

गवा सरकायचा. साळू मागे उभी राहून थरथरायची.

सुईला शाळेत घालायचं साळूच्या मनाने घेतलं होतं. आपण आयुष्यभर खाली मान घालून चाललो, हिने वर बघून दगडावरचं वाचावं, एवढीच तिची इच्छा. पण राखीव जागा हवी तर दाखला हवा. आपण साळिंदर आहोत असा दाखला. तो पडताळणीच्या कचेरीत मिळे. कचेरी दिवसा उघडी असे. साळिंदरं दिवसा झोपतात हे कचेरीला ठाऊक होतं. तसं तिथल्या फायलीत लिहिलेलंही होतं.

प्रवेशाचा शेवटचा दिवस उजाडला. दोन जागांपैकी एकही अजून भरली नव्हती. साळूने सुईला ओढ्यावर नेऊन घासून घासून धुतलं. मग डिंकाची वाटी काढली.

"आई, हे काय? हे लावायला तर आता बंदी आहे."

"गप बस. मोठ्या कचेरीत जायचंय. तिथे असं अंग पिंजारून जातात का? चार लोकांत नीटनेटकं दिसावं माणसाने."

"पण आई, आपण माणसं कुठे आहोत?"

"तोंड वर करून बोलू नकोस."

तिने लेकीचा एकेक काटा चापूनचोपून बसवला. मग स्वतःचे बसवले. दोघी एकदम गुळगुळीत दिसू लागल्या. लांबून बघणाऱ्याला दोन मोठे ससे वाटले असते.

कचेरीबाहेर रांगेत त्यांच्या पुढे एक कोल्हा उभा होता. त्याच्याबरोबर त्याचं पिल्लू. बापलेकांच्या पाठीवर काट्यांचं हे एवढं रान! सगळे ताठ उभे, वेलीने बांधलेले.

"काय वहिनी," कोल्हा म्हणाला, "कशाला घाबरता? तुम्हा लोकांना काय, सगळं आयतंच मिळतं हो. मरण आमचं आहे."

"आणि मग काका, तुम्ही हे काटे कशाला लावलेत?" सुईने विचारलं.

"आज एक दिवस लागतात," कोल्हा म्हणाला. "तुमच्याच दारातून वेचले. पडलेच होते."

साळूने सुईच्या तोंडावर पंजा ठेवला.

आत खुर्चीवर बगळेसाहेब बसले होते. साळिंदरांच्या चालीरीतींवर त्यांनी जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. साळिंदरांच्या वस्तीत मात्र ते कधी गेले नव्हते, कारण तिथे टोचतं असं त्यांनी ऐकलं होतं. शेजारी कारकून माकड बसलं होतं.

आधी कोल्हा आत गेला. त्याच्याकडे आजोबांचा शाळेचा दाखला होता. खास साळिंदर म्हणून दिलेला, शिक्क्यासकट. चालीरीती विचारल्या तर त्याने साहेबांचं पुस्तक पान सात ते पान सत्तर घडाघडा म्हणून दाखवलं. मग माकडाने पोकळ भोपळ्यात तोंड घालून वाघाची डरकाळी काढली. ही शेवटची परीक्षा होती. अस्सल साळिंदर डरकाळी ऐकली की घाबरतं आणि त्याचे काटे उभे राहतात, असं पुस्तकात होतं. कोल्हा असा काही थरथरला, असा काही थरथरला, की साहेबांनी स्वतः उठून त्याला पाणी दिलं. त्याच्या पिल्लाला एक जागा मिळाली.

मग साळूचा नंबर आला. माकडाने विचारलं, "अर्जदाराचं नाव?"

"साळू," साळू म्हणाली. कचेरीत कुणी नाव विचारलं की ती घाबरून स्वतःचंच सांगे. माकडाने लिहिलं, साळू.

"आजोबांचा शाळेचा दाखला आणलाय?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, आजोबांना शाळेत घेत नव्हते. म्हणून तर हा कायदा झाला."

"ते आम्हाला माहीत आहे, बाई. पण तसं शाळेने लेखी द्यायला हवं. की अमुक साली अमुक साळिंदर आले होते आणि आम्ही त्यांना घेतलं नाही."

"त्यांना फाटकापाशीही येऊ देत नव्हते, साहेब."

"मग ते आले होते याला पुरावा काय?" साहेबांनी मान हलवली. "बरं, राहू द्या. मुलीचे काटे कुठे आहेत?"

"दाबलेत, साहेब."

साहेब ताडकन उभे राहिले. "दाबलेत? कुणी दाबायला लावले? हा गुन्हा आहे! नाव सांगा, आत्ता शिक्षा करतो."

"कुणी नाही, साहेब. मीच दाबले. सवय."

साहेब बसले. "कुणी लावले नाहीत, म्हणजे गुन्हा नाही. आणि काटे दिसत नाहीत, म्हणजे साळिंदर नाही. फाईल बंद."

"साहेब, एकदा डरकाळी तर काढून बघा," साळू काकुळतीला आली. "खरं साळिंदर असेल तर डिंकातूनसुद्धा काटा वर येईल. एकच जागा उरली आहे हो."

साहेबांनी खूण केली. माकडाने भोपळा तोंडाला लावला आणि पोटातून जोर काढून डरकाळी फोडली. पुस्तकं हलली. खिडकीवरचा सरडा खाली पडला.

सुई खदखदून हसली. "परत करा ना, काका!"

माकड खूश झालं. त्याने परत केली. सुईने टाळ्या वाजवल्या.

"एकही काटा हलला नाही," साहेब म्हणाले. "ही भीत नाही. साळिंदर भितं. पान एकवीस. तेव्हा ही साळिंदर नाही."

तेवढ्यात खोलीत कडकड आवाज झाला. कारण साळू, बाळांनो, साळू पहिल्याच डरकाळीला दगड झाली होती. माकडाला भोपळा उचलताना तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तरीही. दुसऱ्या डरकाळीनंतर आता तिच्या अंगावरचा डिंक तडकला, सगळे काटे एकदम उभे राहिले आणि ती गर्रकन वळली. साहेबांची फाईल, साहेबांची खुर्ची आणि साहेबांची गादी, तिन्हींत काटे रुतले. साहेब वेळेवर उडाले म्हणून वाचले.

साहेब कपाटाच्या माथ्यावर बसून आनंदाने ओरडले, "अस्सल! एकदम अस्सल! पान एकवीस! यांना आत्ताच्या आत्ता दाखला द्या!"

माकडाने दाखला लिहिला. साळू, जात साळिंदर, राखीव जागा क्रमांक दोन, इयत्ता पहिली.

"अहो, पण शाळेत मला नाही जायचं. हिला जायचंय," साळू म्हणाली.

"हिचं आम्ही काय करणार? आई साळिंदर आहे हे सिद्ध झालं. मुलीचं झालं नाही."

"मग माझ्या पोटची ती कोण?"

"ते कळायला वेगळा अर्ज करावा लागेल. पुढच्या वर्षी."

साळूच्या डोळ्यांत पाणी आलं. माकडाला ते बघवेना. ते तिच्याजवळ सरकून हळूच म्हणालं, "ताई, रडू नका. आमच्या बायका शाळेत पिल्लाला पोटाशी धरून येतात. त्यांच्यासाठी जुना नियम आहे. पोटाशी धरलेलं पिल्लू पटावर घ्यायचं नाही, आणि हाकलायचंही नाही."

साळिंदराची पाठ कशीही असो, पोट मऊ असतं.

दुसऱ्या दिवशी वडाखालच्या शाळेत पहिलीच्या वर्गात साळू जाऊन बसली. एका बाजूला सशाचं पोर, दुसऱ्या बाजूला कोल्ह्याचं. साळू लाजेने अर्धी झाली होती. कासव गुरुजी हजेरी घेत. साळूचं नाव आलं की पोटातून आवाज येई, "हजर!"

साळूही शिकली आणि सुईही शिकली. सुई जरा लवकर शिकली.

वर्षाच्या शेवटी तपासणीला बगळेसाहेब आले. त्यांनी वर्गाला विचारलं, "पाणवठ्यावरच्या दगडावर काय लिहिलंय, कोण सांगेल?"

कोल्ह्याच्या पोराने खाली बघितलं. साळूच्या पोटातून दगडावरची सगळी वाक्यं खणखणीत आली, पूर्णविरामासकट.

"बाई, तुमचं पोट फार शिकलेलं आहे," साहेब म्हणाले.

मग सुईने डोकं बाहेर काढलं. साहेबांनी तिला ओळखलं. ते मनाचे वाईट नव्हते. साळूला बाजूला घेऊन ते म्हणाले, "मुलगी हुशार आहे. हिच्या नावाने दाखला देऊन टाकू. फक्त एवढं करा, हिला थोडं घाबरायला शिकवा. जास्त नको. पाच मिनिटं घाबरता आलं की पुरे. तुम्हाला तर येतंच."

येत तर होतंच. साळूला दुसरं काही इतकं छान येत नव्हतं. श्वास कसा धरायचा, कडेकडेने कसं जायचं, मोठ्यांचा पाय वाजला की मातीत कसं मिसळायचं, हे तिने लेकीला आठ दिवसांत शिकवलं असतं. दाखला हातात आला असता. लेकीचं नाव पटावर आलं असतं.

साळू घाबरली होती. काटे खडखड वाजत होते. तसंच वाजत असताना ती म्हणाली, "नको, साहेब. घरात घाबरणारी मी एक आहे. तेवढी पुरे."

"मग ही पटावर येणार नाही."

"पोटाशी तर येईल," साळू म्हणाली.

आणि तशीच ती येत राहिली. साळू दुसरीत गेली, तिसरीत गेली. पाचवीपर्यंत सुई आईएवढी झाली. सहावीत तर कोण कुणाला पोटाशी धरून बसलंय हे गुरुजींना कळेना. त्यांनी नियमाला धरून दोघींनाही हाकललं नाही. अशी साळू सातवीपर्यंत शिकली. त्या शाळेत त्यापुढे वर्गच नव्हते.

तात्पर्य : मुलांनो, कायदा आपल्यासाठीच असतो. फक्त त्याने आपलं भलं झालं, हे कचेरीत कळू देऊ नये. ज्याला भीती वाटते त्याला जागा मिळते. ज्याला भीतीचं नाटक येतं त्याला तर सगळ्यात आधी मिळते. आणि ज्याची भीती खरोखर गेली, त्याने आईच्या पोटाशी बसावं आणि उत्तरं मोठ्याने द्यावीत.