लाइनबॅकरचे बाबा

मोहिते भावजी पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा मी "या, बसा" म्हटलं. ते बसले नाहीत. त्यांनी सोफा हलवला.

अंगात कोट तसाच, बुटांना बर्फ तसाच. "वहिनी, याची जागा चुकली हो," म्हणाले आणि एक टोक उचललंसुद्धा. घरात कधी खुर्ची उचलून बाजूला न ठेवणारे आमचे यजमान दुसरं टोक धरून निमूट मागे सरकत होते. सोफा अजून तिथेच आहे. तिथेच तो चांगला दिसतो, हे मला जास्त झोंबतं.

ही अमेरिकेतल्या ट्रॉय गावातली, ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भावजी मूळचे कराडचे, माझ्या नवऱ्याचे ऑफिसमधले मित्र. मोटारींच्या कारखान्यात कुठलं मशीन कुठे उभं करायचं, हे ठरवणं त्यांचं काम. कंपनी त्याचा पगार द्यायची. आमच्यासाठी ते फुकटात करायचे. पार्टीत ग्रुप फोटो काढायचा म्हटलं की आम्ही पोरांना आधी जेवायला घालून घ्यायचो, कारण भावजी उंच-बुटके, जाड-बारीक लावेपर्यंत ती रडायला लागायची. गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे घरटी एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एकदा जेवणाच्या टेबलाची मांडणी त्यांनी आपल्या ताब्यात घेतली. लाइन पटापट सरकावी म्हणून गोडाचं आधी ठेवलं. लाइन सरकली खरी, पण लोकांनी श्रीखंडाने ताटं भरली आणि माझा पातेलंभर मसालेभात तसाच घरी परत आला. "फ्लो चांगला होता," भावजी म्हणाले. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंच नाही, हा भाग वेगळा.

तरुणपणी ते कबड्डी खेळायचे. त्यामुळे मुलगा संजू हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये गेला तेव्हा आम्हा सगळ्यांना तो खेळ त्यांनीच शिकवला, आणि तोही कबड्डीतून. "समोरचा चढाईला आला समजा. पहिली फळी त्याला अडवणार. त्यातून जो निसटला, त्याची पकड करायला मागे मधोमध एक जण उभा. तो लाइनबॅकर. तो आपला संजू!" हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा आणि हातातल्या वाटीतली आमटी हिंदकळायची.

माझी मुलगी शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायची, म्हणून दर शुक्रवारी आम्हालाही मॅचला जावं लागे. आम्ही मंडळी वारा लागू नये म्हणून वरच्या कोपऱ्यात, ब्लँकेटं गुंडाळून, चिवडा खात बसायचो. भावजी मात्र खाली पहिल्या रांगेत, कोचच्या बरोबर पाठीमागे. पाऊस असो, थंडी असो, तिथेच. "वेडा आहे झालं," आमचे यजमान म्हणायचे.

मग एका सोमवारी कोचने संजूला सांगितलं, तुझी जागा मधे नाही. तू वेगवान आहेस, पण गर्दीत गोंधळतोस. पहिल्या फळीच्या टोकाला ये, कडेला. तिथे खेळशील, नाहीतर बाकावर बसशील. शुक्रवारच्या आत काय ते सांग.

संजूने घरी येऊन विचारलं, "व्हॉट डू यू थिंक, डॅड?"

भावजींच्या बायकोने, सुनंदाने, मला फोन करून हे सांगितलं. पोरानं किती दिवसांनी आपणहून बापाला काही विचारलं होतं! आणि सगळ्या गावाच्या जागा ठरवणारा हा माणूस काय बोलला? काही नाही. गॅरेजमध्ये गेला आणि पान्हे नीट लावत बसला. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. पोरगं बिचारं वाट बघतंय.

गुरुवारी संध्याकाळी भावजी माझा डबा परत द्यायला आले. दारातच उभे राहिले. आत येऊन काही सरकवलं नाही, तेव्हाच मला काळजी वाटली.

"काय हो भावजी, संजूला सांगत का नाही काही? कोच चुकतोय का?"

"छे! अगदी बरोबर आहे तो. पोरगं कडेचंच आहे. पहिल्याच मॅचला ओळखलं होतं मी."

"अहो, मग बोलला का नाहीत? माझा सोफा तर बूट न काढता हलवलात!"

ते हसले नाहीत. डब्याचं झाकण उघडत-मिटत राहिले.

"मधल्याला दर वेळी खेळ सुरू व्हायच्या आधी कोचकडे बघावं लागतं, वहिनी. कोच हाताने खुणा करतो ना. मी कोचच्या मागे बसतो. तर संजूनं वर बघितलं की..." ते थांबले. "माझ्याकडे बघितल्यासारखं वाटतं. घरी तो वर बघतच नाही. समोर कॉर्नफ्लेक्सची वाटी, कानात गाणी. हाऊ वॉज स्कूल? तर फाइन. झालं. आणि कडेला गेला की हात जमिनीला, मान खाली, नजर समोरच्यावर. तिथून तो कशाला बघेल?"

मी डबा त्यांच्या हातातून काढून घेतला.

"कोचकडेच बघतो तो, कळतं हो मला," ते म्हणाले. "पण मी पण इकडून मान हलवतो. माझं काय जातंय?"

मला फार वाईट वाटलं. आत बोलावून चहा द्यावा, हेही सुचलं नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी संजूला सांगितलं, "जा कडेला. तू तिथलाच आहेस." संजू "ओके!" म्हणाला आणि कोचला फोन करायला धावला.

शुक्रवारी पोरगं काय खेळलं म्हणून सांगू! कडेने असा मुसंडी मारून आत घुसायचा की समोरच्या मुलाला बॉल टाकायला उसंतच मिळेना. लोक उठून ओरडत होते, आमचे यजमान चिवड्याची पिशवी पायाखाली तुडवून नाचत होते. संजूने एकदाही वर बघितलं नाही. बघायला त्याला वेळच नव्हता.

मला वाटलं होतं, भावजी आज आमच्यात येऊन बसतील. पण ते खाली, त्याच जागी होते. शेवटी मीच थर्मास घेऊन खाली गेले आणि त्यांच्या शेजारी बसले. बाक गार पडला होता.

मैदानात मधे आता दुसरंच कुणीतरी उभं होतं. एक किडकिडीत, सोनेरी केसांचा, टीममध्ये नवा मुलगा. हेल्मेट त्याला मोठं होत होतं. खेळ सुरू होण्याआधी त्याने घाबऱ्या घाबऱ्या आमच्या दिशेने वर बघितलं.

भावजींनी हळूच मान हलवली.

"कोण हो तो?" मी विचारलं.

"काय माहीत," भावजी म्हणाले. "पण बघतोय बिचारा."