फुकटचं झाड

"विकतचं झाड? तेही प्लास्टिकचं? आम्ही शेतकऱ्याच्या घरातले आहोत, मॅडम!"

भर पालकसभेत डिंपल उठून असं म्हणाली आणि सगळा वर्ग तिच्याकडे वळला. डिंपल म्हणजे दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या नवीनची बायको, चौथीतल्या पुनमची आणि दुसरीतल्या कुंदनची आई. भाजीवाल्याकडून कोथिंबीर फुकट घेऊन वर त्यालाच दोन शब्द सुनावणारी कॉलनीतली एकमेव बाई! ख्रिसमसच्या कार्यक्रमाला प्रत्येक घराने एक सजवलेलं झाड आणायचं, असं शाळेचं फर्मान होतं. तयार झाड कुठल्या दुकानात मिळतं, तेही मॅडमनी फळ्यावर लिहून दिलं होतं.

"मग तुम्ही काय आणणार?" मॅडमनी विचारलं.

"घरी केलेलं! पोरांच्या हातचं! सगळ्यांत भारी नाही झालं, तर नावाची डिंपल नाही!"

बाहेर पडताना कुंदन हळूच म्हणाला, "आई, सगळे हसले तर?"

"हसू दे की! दात त्यांचे आहेत!"

म्हणाली खरी! तिला स्वतःला कोणी हसलं असतं, तर चार शब्द ऐकवून ती मोकळी झाली असती. पण पोरांना कोणी हसलेलं तिला सहन होणार नव्हतं.

तिने यावलकडच्या गावी सासऱ्यांना, जीवराम आबांना, फोन लावला. "आबा, कपाशीच्या चार-पाच काड्या पाठवा. वाळलेल्या, भरदार. फांद्या मोडू देऊ नका."

कशाला हव्यात ते तिने सांगितलं नाही, कारण आबांनी हसून गावभर केलं असतं. आबांनीही विचारलं नाही. डिसेंबरात वाळक्या काड्या कशाला लागतात, हे खानदेशात कोणी विचारत नाही.

काड्या आल्या. तेलाच्या रिकाम्या डब्यात रोवून त्यांचं झाड झालं. फुटलेल्या बोंडांच्या कवचांना गणपतीच्या मखराचा उरलेला सोनेरी रंग फासून तारे झाले. काड्यांवर राहिलेला कापूस ओढून काढला, त्याचा बर्फ झाला. चिकटवायला मैद्याची खळ! ती झाडाला कमी आणि टीव्हीच्या रिमोटला, कुंदनच्या भुवईला, नवीनच्या शर्टाला जास्त लागली. नवीन एक अख्खी ड्यूटी पाठीवर सोनेरी तारा घेऊन प्लँटमध्ये हिंडला आणि एकानेही त्याला सांगितलं नाही!

"आई, ख्रिसमसचं झाड हिरवं असतं," पुनमने शंका काढली.

"ते विलायतेत! आपला तर बर्फसुद्धा शेतात पिकतो!"

चोवीस तारखेला दुपारी झाड मागच्या अंगणात उन्हात ठेवून डिंपल पोरांना केस कापायला घेऊन गेली. कार्यक्रम पाच वाजता होता. साडेतीनला परतली, तर मागून धूर! ती धावली. अंगणात आबा उकिडवे बसून जाळावर वांगी भाजत होते आणि ड्यूटीवरून नुकताच आलेला नवीन, जाळात काय जळतंय ते न बघताच, शिफ्टमधल्या चौघांसोबत लसूण सोलत होता. डबा तेवढा कोपऱ्यात रिकामा पडला होता.

"आबा! माझं झाड!"

"कोनतं झाड वं, बाई?"

"तुम्ही पेटवलंत ते!"

आबांनी शांतपणे वांगं पलटलं. "त्या तं काड्या व्हत्या! तूच तं मांगल्या ना! म्या म्हनलं, सून हौशी हाये, भरताची तयारी करू राह्यली. म्हनून वांगी घेऊन आलो!"

आता यात आबांचं काय चुकलं? भरताची वांगी भाजायची ती कपाशीच्या काड्यांवरच. गॅसवर भाजलेलं वांगं आबा ताटात घेत नाहीत. पण कुंदनने भोकाड पसरलं आणि पुनम भिंतीकडे तोंड करून बसली. नवीन घाबरून म्हणाला, "दुकान उघडं असेल अजून. मी पटकन तयार झाड आणतो."

"खबरदार! राख नेईन टोपल्यात भरून, पण दुकानात पाऊल टाकायचं नाही!"

आबांना आता सगळं कळलं. त्यांनी खांद्यावरच्या उपरण्याची गाठ सोडली. आत कापसाचा प्रत्येक पुंजका आणि प्रत्येक तारा जपून ठेवलेला होता.

"कापूस कोनी पेटवते का?" ते पुटपुटले.

डिंपलने इकडेतिकडे पाहिलं. भरतासाठी आणलेल्या कांद्याच्या पातीच्या पाच जुड्या ओट्यावर होत्या. कोवळ्या, हिरव्यागार! शेजारी एकच काडी वाचली होती.

"आबा, ही पात या काडीला बांधा!"

"अन् भरताले?"

"आधी झाड!"

आबांनी जन्मभर जुड्या बांधलेल्या. खालून वर, थरावर थर देत त्यांनी असं झाड बांधलं की कुंदन रडायचा थांबला. "आई, हिरवं झालं!" मग पोरांनी त्यावर तारे आणि कापूस खोचला.

शाळेच्या हॉलमध्ये प्लास्टिकची झाडं दिवे मिचकावत उभी होती. त्यांच्यात हे झाड ठेवलं आणि वास सुटला. एक आई फिसकन हसली. "अगंबाई, ही तर कांद्याची पात!"

डिंपल बाह्या सरसावून पुढे झाली, पण पुनमच आधी बोलली. "हो, पातच आहे! आम्ही केलंय. तुमचं तुम्ही केलं का?"

त्या बाई लगबगीने आपल्या झाडाचे दिवे नीट करायला वळल्या. डिंपलला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले, आणि ते कांद्यामुळे नव्हे.

बक्षीस एका गोल फिरणाऱ्या झाडाला मिळालं. डिंपलने नाक मुरडलं. कार्यक्रम संपल्यावर ती पोरांना घेऊन झाड उचलायला गेली, तर डब्यात नुसती काडी! खाली तारे आणि कापूस. पातीचं एक पान शिल्लक नव्हतं. बाकीची झाडं जशीच्या तशी उभी. साऱ्या आयांना एकदम घरी जायची घाई झाली होती. मॅडमच्या पर्सची तर चेनच लागत नव्हती, कारण मधून हिरवे शेंडे बाहेर आले होते.

"ते... आमच्याकडेही आज भरीत आहे हो," मॅडम म्हणाल्या. "आणि इतकी कोवळी पात मिळते कुठे?"

डिंपलची मान ताठ झाली. "ऐकलं का सगळ्यांनी? तुमच्या झाडाचं एक पान तरी कोणी नेलं? मी म्हटलं होतं, आमचंच भारी!"

कुंदन काडी झेंड्यासारखी उंच धरून पुढे निघाला. तेवढ्यात नवीनचा फोन आला. "अगं, भरीत झालं! मंडळी ताटावर बसलीत, आबा पातीसाठी खोळंबलेत. घेऊन येतेयस ना?"

"आमचं झाड पहिलं आलं!" असं म्हणून डिंपलने फोन कापला. मग फाटकाशी थांबून मॅडमची वाट पाहिली आणि त्या जवळ येताच हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, अर्धी जुडी तरी परत द्या हो!"